निळ्या पाण्यातली गरिबी आणि प्रवाळांचा जमाखर्च

लक्षद्वीपचे फोटो पाहिले की बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "पाणी काय स्वच्छ आहे हो!" आणि पाठोपाठ कोकणच्या गढूळ पाण्याबद्दल एखादा उसासा. पण हेच माशाला विचारलं तर तो उलटं सांगेल. कोकणचं पाणी हिरवट, मातकट दिसतं कारण नद्या त्यात गाळ आणि त्याबरोबर नायट्रोजन, फॉस्फरससारखी पोषकद्रव्यं आणून ओततात. त्यावर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, वाढतात, प्लवकांवर तारली आणि बांगड्यासारखी मासळी, आणि तिच्यावर मोठे मासे. शिवाय पावसाळ्याच्या सुमारास भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगत खोलातलं थंड, पोषक पाणी वर येतं, ती भर वेगळीच. थोडक्यात, हे खात्यापित्या घरचं पाणी आहे.

लक्षद्वीपचं पाणी निळंशार आणि आरपार दिसणारं आहे, कारण त्यात फारसं काही नाहीच. उष्ण कटिबंधातल्या भर समुद्रात वरचं पाणी तापलेलं, हलकं असतं. खालच्या थंड पाण्यावर ते तरंगत राहतं आणि दोघांची सरमिसळ होत नाही. पोषकद्रव्यं तळाकडे अडकून पडतात. प्लवक नाहीत म्हणून पाणी पारदर्शक. आणि नेमक्या अशा उपाशी पाण्यात प्रवाळभित्ती उभ्या राहतात. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा त्यांनी व्यापलेला नाही, पण समुद्रात आढळणाऱ्या प्रजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा आयुष्याचा काही ना काही काळ त्यांच्या आसऱ्याने काढतो. एवढी तोंडं आणि घरात धान्य नाही, हे कसं जमतं? या कोड्याला शास्त्रज्ञ डार्विनच्या नावाने ओळखतात. त्याचं उत्तर समजलं की प्रवाळभित्तींचं समुद्रातलं स्थानही समजतं आणि त्या आजारी का पडतात तेही.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. प्रवाळ हा प्राणी आहे. जेलीफिश आणि सी-ॲनिमोन हे त्याचे सख्खे नातेवाईक. एकेक प्राणी, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचाच असतो. मऊ पिशवीसारखं शरीर, वर एकच तोंड, तोंडाभोवती दंश करणारे शुंडक. अन्न आत घ्यायचं आणि उरलेलं बाहेर टाकायचं तेही याच तोंडाने. हा पॉलिप समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्या बुडाखाली चुन्याची वाटी घडवतो, तिच्यात बसतो, मग वर सरकून नवा थर घालतो. शेजारी त्याचीच प्रतिरूपं तयार होतात. हजारो पॉलिप मिळून एक वसाहत होते आणि आपल्याला दिसतो तो 'दगड' त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घातलेला चुना असतो. जिवंत भाग म्हणजे वरची पातळ कातडी तेवढी. अंगठीतलं लाल पोवळं या कुळातल्या लांबच्या भाऊबंदाचं. ते भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींमध्ये वाढतं आणि भित्ती बांधण्याच्या भानगडीत पडत नाही.

भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाचं खरं बळ त्याच्या पेशींमध्ये राहणाऱ्या एकपेशीय शैवालात आहे. झूझँथेली हे त्यांचं रूढ नाव. प्रवाळाच्या श्वसनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्या शरीरातला अमोनियासारखा टाकाऊ माल शैवालाला आयता मिळतो. शैवाल सूर्यप्रकाशात साखर बनवतं आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग असा भागतो. उरलेल्यासाठी पॉलिप रात्री शुंडक पसरून समोर येईल ते प्लवक पकडतो. म्हणजे उपाशी समुद्रात टिकायची पहिली युक्ती ही: एकाची विष्ठा दुसऱ्याच्या पोटात, आणि तीही शरीराबाहेर न जाता. प्रवाळांना उथळ, स्वच्छ पाणी का लागतं त्याचं कारणही हेच. त्यांच्या आत पीक उभं आहे, त्याला ऊन हवं.

हीच युक्ती पुढे सगळ्या भित्तीत मोठ्या प्रमाणावर चालते. प्रवाळ अंगावरून सतत चिकट स्राव सोडतात. त्यातला बराच भाग पाण्यात विरघळतो. विरघळलेली साखर माशाला खाता येत नाही, ती वाहून गेली की गेलीच. ती पकडतात कपारींमध्ये लपलेले स्पंज. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की स्पंज हे विरघळलेलं अन्न शोषतात, त्यावर झपाट्याने नव्या पेशी बनवतात आणि जुन्या पेशी तितक्याच झपाट्याने टाकून देतात. तो कचरा आता कणांच्या रूपात असतो. खेकडे, कृमी, गोगलगायी तो खातात आणि त्यांना मासे. स्पंजांकडे फोटो काढायला कुणी वळत नाही, पण माझ्या मते भित्तीतला सर्वांत दुर्लक्षित कामगार तोच.

दुसरा दुर्लक्षित वर्ग इवल्याशा माशांचा. तळाशी, फटींमध्ये राहणारे, नखाएवढे, रंगाने बेमालूम मिसळून गेलेले. त्यांतला एक पिग्मी गोबी जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो. कणा असलेल्या प्राण्यांमधलं नोंदलेलं हे सर्वांत छोटं आयुष्य. दोन महिन्यांत जन्म, वाढ, प्रजनन सगळं उरकायचं आणि बहुतेकांनी त्याआधीच कुणाच्या तरी तोंडी जायचं. २०१९ च्या एका अभ्यासानुसार भित्तीवर जी मासळी खाल्ली जाते, तिच्या वजनापैकी जवळपास ६० टक्के वाटा या चिल्ल्यापिल्ल्यांचा असतो. एका वेळी मोजले तर ते थोडेच भरतात, पण त्यांची उलाढाल इतकी जलद की वर्षभराचा हिशेब केला तर तेच पोशिंदे ठरतात.

तरीही गळती होतेच. वादळं, प्रवाह काही ना काही बाहेर नेतात. मग बाहेरून भर कोण घालतं? एक उत्तर आकाशातून येतं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास झाला. तिथल्या काही बेटांवर जहाजांबरोबर आलेले उंदीर आहेत, काहींवर नाहीत. उंदीर समुद्रपक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातात, त्यामुळे उंदरांच्या बेटांवर पक्षी जवळजवळ उरलेलेच नाहीत. बिनउंदरांच्या बेटांवरचे पक्षी भर समुद्रात मासे खातात, परत येऊन बेटावर विष्ठा टाकतात. पावसाबरोबर तो नायट्रोजन भित्तीत उतरतो आणि या बेटांवर त्याची भर सुमारे २५० पट आढळली. त्यांच्यालगतच्या भित्तीवर मासळीचं एकूण वजन ४८ टक्क्यांनी जास्त होतं. झाडावरची अंडी खाणारा उंदीर पाण्याखालचे मासे कमी करतो, हे कुणी गप्पांमध्ये सांगितलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं. लक्षद्वीपमध्येही पिट्टी नावाचं एक निर्मनुष्य वाळूचं बेट सुरयांसारख्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींसाठी संरक्षित आहे. ते केवळ पक्षीप्रेमींच्या समाधानासाठी नाही, हे यावरून लक्षात येईल.

इथवर अन्नाचं झालं. आता घराचं.

चागोस, मालदीव आणि लक्षद्वीप नकाशावर उत्तर-दक्षिण एका ओळीत दिसतात, तो योगायोग नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तबिंदूतून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो अशा जागेतून, दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, ज्यातून आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ बनला, तोच तप्तबिंदू भारतीय भूखंड उत्तरेला सरकत असताना मागे ज्वालामुखींची रांग सोडत गेला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आज तो रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे रायगडाचा पाया आणि मालदीवचा पाया एकाच भट्टीतले. फरक एवढाच, की समुद्रातले डोंगर हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांनी आपलं बांधकाम चढवत नेलं.

डोंगर खचतो आणि प्रवाळ वर चढतो, ही कल्पना चार्ल्स डार्विनची. १८४२ साली त्याने ती पुस्तकरूपाने मांडली. आधी ज्वालामुखी बेटाच्या कडेला प्रवाळांची झालर, बेट खचू लागलं की बेट आणि भित्ती यांच्यामध्ये पाण्याचा पट्टा, आणि शेवटी बेट पूर्ण बुडालं की उरतं नुसतं प्रवाळांचं कडं, त्याच्या पोटात उथळ, शांत पाणी. त्या कड्याला भूगोलात कंकणद्वीप म्हणतात आणि आतल्या पाण्याला लगून. डार्विनला हे सिद्ध करता आलं नाही. ११० वर्षांनी, १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर अमेरिकनांनी विंधनविहिरी खोदल्या, तेव्हा सव्वा किलोमीटरहून जास्त जाडीचा प्रवाळजन्य चुनखडक पार केल्यावर खाली ज्वालामुखीचा कातळ लागला.

लक्षद्वीपची ३६ बेटं मिळून जमीन भरते जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आणि लगूनचं क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. जमीन म्हणजे काय, तर भित्तीचाच चुरा. आणि हा चुरा करण्यात मोठा हात पोपट माशाचा. पोपटाच्या चोचीसारखे जुळलेले दात घेऊन तो दिवसभर खडक खरवडतो. त्याला हवं असतं खडकावरचं आणि खडकात मुरलेलं शैवाल, पण त्याबरोबर चुनाही पोटात जातो. घशातल्या जात्यात तो दळला जातो आणि मागून पांढरी वाळू पडते. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती २०१५ साली संशोधकांनी मोजलं, तर नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त पोपट माशांनी बनवलेली निघाली. हनिमूनच्या फोटोंमधली ती पांढरीशुभ्र पुळण प्रामुख्याने माशांची विष्ठा आहे. (हे तिथे बसून सोबत्याला सांगावं की नाही, ज्याचं त्याने ठरवावं.)

या वाळूच्या पोटात पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत साठतं, तेच विहिरींना लागतं. बाहेरची भित्ती लाटांची ताकद सरासरी ९७ टक्के शोषून घेते, म्हणून समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटर उंचीच्या या बेटांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहू शकली. लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाचे मच्छीमार ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, गळाने एकेक करून पकडतात. भर समुद्रातल्या थव्याला नावेजवळ खेळवून ठेवण्यासाठी ते जिवंत चारा उधळतात आणि ती बारीक मासळी लगूनमधून येते. डब्यात बंद होऊन जाणारा ट्यूना भित्तीवर राहत नाही, पण त्याची मासेमारी भित्तीवर टेकलेली आहे.

आता मुद्द्याचं. प्रवाळभित्तीला आपण वास्तूसारखं समजतो. एकदा बांधली, आता जपायची. ती तशी नाही. ती रोजचा जमाखर्च आहे. जमेला प्रवाळांनी आणि चुना साठवणाऱ्या गुलाबी शैवालाने घातलेला चुना. खर्चाला पोपट मासे, काटेरी सी-अर्चिन, खडक पोखरणारे स्पंज, वादळं. संशोधक याला खरोखरच कार्बोनेटचा ताळेबंद म्हणतात. दगडी गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, फांद्यांचा दहाच्या आसपास जाऊ शकतो, पण सगळी झीज वजा जाता भित्तीची उंची वर्षाला काही मिलिमीटरच वाढते. शिल्लक इतकी तुटपुंजी असल्यावर खर्च किंचित वाढला किंवा जमा किंचित घटली, की भित्ती चढण्याऐवजी उतरू लागते. बाहेरून मात्र ती वर्षानुवर्षं तशीच दिसत राहते.

पोपट मासा खडक खातो म्हणून तो शत्रू, असं समजण्यात मात्र मोठी चूक होईल. जमैकाने त्याचा धडा घेतला आहे. तिथे अतोनात मासेमारीने पोपट मासे आणि इतर शैवालभक्षक केव्हाच संपत आले होते. तरीही भित्ती ठीक दिसत होती, कारण लांब काट्यांचे काळे सी-अर्चिन शैवाल चरून साफ ठेवत होते. १९८३-८४ मध्ये कुठल्याशा रोगाने कॅरिबियन समुद्रभर हे सी-अर्चिन मेले, ९० टक्क्यांहून जास्त. शैवालाला आवर घालणारं कुणीच उरलं नाही. १९७० च्या दशकात जमैकाच्या भित्तीचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली गेला. उघडा खडक शैवालाने व्यापला की तरंगत आलेल्या प्रवाळाच्या डिंभकाला, म्हणजे पिल्लाला, बसायला जागाच मिळत नाही. एकाच कामाला दोन-तीन जण असणं ही चैन वाटते, पहिला आजारी पडेपर्यंत.

लक्षद्वीपची गोष्ट याच्या उलट घडली. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने गळाच्या ट्यूना मासेमारीला प्रोत्साहन दिलं, लोक भर समुद्राकडे वळले आणि भित्तीवरचे पोपट मासे वगैरे बरेचसे वाचले. १९९८ च्या उष्णलाटेत तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले, पण चरणारे मासे शाबूत असल्याने कित्येक ठिकाणी खडक मोकळे राहिले आणि प्रवाळ परत आले. मासेमारीचं एक धोरण, भित्तीचा विचार करून न आखलेलं, भित्तीच्या कामी आलं.

पण उष्णता वारंवार येऊ लागली, तर हेही पुरत नाही. प्रवाळ आपापल्या ठिकाणच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानाच्या अगदी काठावर जगतात. त्याहून एक अंश सेल्सियस जास्त तापमान काही आठवडे टिकलं, की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते आणि साखरेऐवजी पेशींना जाळणारी ऑक्सिजनची आक्रमक संयुगं तयार होऊ लागतात. पोशिंदाच विष देऊ लागल्यावर प्रवाळ त्याला बाहेर काढतो. रंग गेला, पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुना दिसू लागला, म्हणून याला विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, भुकेला असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं, नाही निवलं तर तो उपाशी मरतो. जागतिक पातळीवर असं १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ या काळात झालं. चौथी जागतिक विरंजन घटना एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाली आणि तोवर कुठल्याही घटनेत झाला नव्हता इतका तिचा विस्तार होता. लक्षद्वीपमध्येही त्या उन्हाळ्यात मोठं विरंजन नोंदलं गेलं. तिथल्या दीर्घकालीन नोंदींनुसार १९९८ पासूनच्या २४ वर्षांत जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळपास निम्म्यावर आलं आहे. भित्ती सावरते, पण दोन लाटांच्या मध्ये तिला काही वर्षांची उसंत लागते आणि आकसत चालली आहे ती ही उसंतच. समुद्रात मुरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, चुना घडवणं महाग पडतं, ही त्यात आणखी भर.

फांद्या तोडून रोपवाटिकेत प्रवाळ वाढवण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. छोट्या जागेत, बोटींच्या नांगराने मोडलेल्या भित्तीसाठी ते उपयोगी आहेत. पण २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात समुद्र इतका तापला, की रोपवाटिकेतले प्रवाळच उचलून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवावे लागले. पेरणी कितीही करा, पाऊसपाण्याचं गणितच बदललं तर काय करणार?

कोकणात अशा भित्ती का नाहीत, हे आता वेगळं सांगायला नको. गाळ, पावसाळ्यातलं गोडं पाणी, अंधूक उजेड. पण किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, विजयदुर्गाच्या पश्चिमेला, गाळ पोहोचत नाही तिथे पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पृष्ठभागापासून सुमारे वीस मीटरवर, त्यावर प्रवाळ. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ते आंग्रिया बँक म्हणून ओळखलं जातं. किनाऱ्यालगत मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मुंबईतही आहेत. कोस्टल रोडच्या कामापूर्वी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या, कारण खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत येतात. मालवणहून आठवण म्हणून तुकडा आणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं.

हाजी अलीचे प्रवाळ गाळ सोसतात, ओहोटीला उन्हात उघडे पडतात, सांडपाणी झेलतात आणि तरी जगतात. हे सांगितलं, की कुणी तरी म्हणतंच, "मग काळजी कशाला? चिवट जाती टिकतील." टिकतीलही. पण खडकावर पसरलेल्या या छोट्या, सावकाश वाढणाऱ्या वसाहती भित्ती बांधत नाहीत. त्यांच्याभोवती लगून नाही, वाळू बनत नाही, लाट अडत नाही. प्रवाळ वाचणं वेगळं आणि प्रवाळभित्ती वाचणं वेगळं. लक्षद्वीपच्या राजधानीतलं, कवरत्तीच्या विहिरीतलं गोडं पाणी यांतल्या दुसऱ्या गोष्टीवर, भित्ती वाचण्यावर, अवलंबून आहे.